रुबेला आयजीजी पॉझिटिव्ह आलंय, आणि घरचे म्हणतायत मोकळी हो

पत्र (थोडं कापून देतेय, नाव अर्थातच नाही):

"ताई, मी नाशिकची, वय २९. मोठा मुलगा साडेचार वर्षांचा आहे. मागच्या वर्षी दोन महिन्यांचं आपोआप पडलं म्हणून या वेळी डॉक्टरांनी टॉर्च टेस्ट (रुबेलासारख्या, पोटातल्या बाळाला त्रास देऊ शकणाऱ्या इन्फेक्शनची रक्ततपासणी) लिहून दिली. आता नववा आठवडा चालू आहे. रिपोर्टात रुबेला आयजीजी पॉझिटिव्ह, आकडा ९२, जाड अक्षरात, आणि आयजीएम बॉर्डरलाइन. डॉक्टर बाहेरगावी आहेत, फोनवर एवढंच म्हणाल्या की काळजी करू नकोस, आल्यावर परत करू. पण लॅबमधला मुलगा म्हणाला इन्फेक्शन आहे मॅडम. तेव्हापासून नेटवर वाचतेय आणि झोप उडालीय. मामेसासूबाई म्हणतात व्यंग असलेलं मूल जन्माला घालण्यापेक्षा आत्ताच मोकळी हो, अजून वेळ गेलेली नाही. मिस्टर काहीच बोलत नाहीत. मला ताप नाही, पुरळ नाही, काही नाही. नणंदेची पण टेस्ट केली, ती २४ ची आहे, डिसेंबरात लग्न आहे, तिचं निगेटिव्ह आलं, ती सुटली. मुलाचा एमएमआरचा (गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीचा) डोस राहिलाय तो पण थांबवलाय, पोटात बाळ असताना घरात लस नको असं म्हणतात. काय करू?"

अगं, सगळ्यात आधी एक सांगते आणि मग बाकीचं सावकाश. या एका रिपोर्टवर मोकळं वगैरे व्हायचं नाही. कोणी मेडिकलमधून गोळ्या आणून ठेवल्या असतील तर त्या घेऊ नकोस, कोणी कितीही घाई केली तरी. तू जे लिहिलंयस त्यावरून तुझ्या बाळाला रुबेला झालाय असं म्हणायला मला एकही धड कारण दिसत नाहीये. उलट तुझ्या रिपोर्टमधली जी ओळ बघून तुझी झोप उडाली तीच ओळ बहुतेक तुझ्या बाजूची आहे.

आयजीजी ही रक्तातली एक अँटिबॉडी, ती म्हणजे जुनी आठवण समज. तो विषाणू तुझ्या शरीराला कधीतरी भेटून गेला, लहानपणी आजारातून नाहीतर लसीतून, आणि शरीराने त्याची ओळख कायमची ठेवून घेतली. आता परत आला तर दारातच अडवला जातो. म्हणून गरोदरपणात रुबेला आयजीजी पॉझिटिव्ह येणं ही चांगली बातमी असते. आपल्याकडे बहुतेक बायकांचं ते पॉझिटिव्हच येतं कारण लस सगळ्यांना मिळायच्या आधी हा आजार शाळेच्या वयात सर्रास होऊन जायचा, दोन-तीन दिवस बारीक ताप, अंगावर लालसर पुरळ, कानामागे मानेवर गाठी, आणि संपलं. कित्येकींना तेवढंही होत नाही, चारातल्या एकीला तरी काही लक्षणच दिसत नाही, म्हणून "मला कधी झाला नव्हता" किंवा "आई म्हणते लहानपणी गोवर आला होता" या दोन्हीला तसा अर्थ नसतो, घरी कुठल्याही पुरळाला गोवरच म्हणतात.

आणि तो ९२ आकडा. बहुतेक लॅबमध्ये १० च्या आसपास रेघ असते, तुझ्या रिपोर्टमध्ये शेजारच्या कॉलममध्ये लिहिलेलं असेल बघ. त्या रेघेच्या वर म्हणजे संरक्षण आहे. ९२ म्हणजे आजार नऊपट जास्त असं काही नसतं, आणि नुसत्या आकड्यावरून इन्फेक्शन नवीन की जुनं हेही कळत नाही. अक्षरं जाड झाली कारण मशीनला शिकवलेलंय की रेघेच्या बाहेरचा आकडा जाड छापायचा, मग तो चांगला असो नाहीतर वाईट. रक्त काढणाऱ्या मुलाने ते बघून "इन्फेक्शन आहे" म्हणायला नको होतं, ते त्याचं कामच नाही, आणि अशा एका वाक्याने एखादीचं काय होऊन बसतं ते बघितलेलं असल्यामुळे मला याचा खरंच राग येतो.

आता आयजीएम. हे खरं तर नव्या इन्फेक्शनचं लक्षण, पुरळ उठल्यावर चार-पाच दिवसांत रक्तात सापडायला लागतं आणि साधारण सहा-आठ आठवडे राहतं, कधीकधी त्याहून जास्त. म्हणून ते बॉर्डरलाइन बघून कुणालाही धस्स होणारच. पण या टेस्टची खोड अशी आहे की ती दुसऱ्याच कशावरून तरी फसते. दुसरा एखादा विषाणू नुकताच येऊन गेलेला असला, संधिवाताचा तो आरए फॅक्टर रक्तात असला, तरी ती पॉझिटिव्ह दाखवू शकते, आणि गरोदरपणात तर उगाचच वर गेलेली दिसते. जिला ना ताप, ना पुरळ, ना पुरळ आलेल्या मुलाशी संपर्क, अशा बाईचं आयजीएम किंचित वर आलं तर ते खोटं पॉझिटिव्ह असण्याचीच शक्यता जास्त असते. तुझं तर पॉझिटिव्ह पण नाहीये, बॉर्डरलाइन आहे. म्हणून तुझ्या डॉक्टर "काळजी करू नकोस, परत करू" म्हणाल्या. बरोबर बोलल्या, फक्त फोनवर दोन मिनिटं जास्त द्यायला हवी होती.

मग आता नक्की करायचं काय. आज संध्याकाळी कपाट उघड आणि मोठ्याच्या वेळची फाईल शोध. खरंच शोध, माळ्यावर असेल, माहेरी असेल, तिथून मागव, नाहीतर ज्या लॅबमध्ये रक्त दिलं होतंस तिथे फोन करून विचार, जुने रिपोर्ट कॉम्प्युटरवर असतात बऱ्याच ठिकाणी. मागच्या वर्षीच्या त्या अबॉर्शनच्या वेळचे कागद पण बघ. त्यात कुठे रुबेला आयजीजी केलेलं असेल आणि तेव्हाही पॉझिटिव्ह असेल तर विषय जवळपास तिथेच मिटतो, कारण तुझं संरक्षण या बाळाच्या आधीपासूनचं आहे हे त्या कागदाने दाखवलं. एकदा संरक्षण असलेल्या बाईला परत रुबेला होऊन बाळापर्यंत पोचणं फारच क्वचित घडतं.

फाईल सापडली नाही तर डॉक्टरांना स्पष्ट विचार की आयजीजी अ‍ॅव्हिडिटी करायची का. ही तशी सोपी गोष्ट आहे. नव्या इन्फेक्शनमध्ये शरीर जी आयजीजी बनवतं त्यांची पकड सैल असते, महिने जातात तशी ती घट्ट होत जाते. पकड घट्ट म्हणजे हाय अ‍ॅव्हिडिटी आली तर इन्फेक्शन साधारण तीन महिन्यांपेक्षा जुनं. आणि तुझा नववा आठवडा आहे, तो पाळीच्या तारखेपासून मोजलेला, म्हणजे गर्भ राहून सातच आठवडे झालेत, म्हणजे हाय आलं की जे काय झालं असेल ते हे बाळ पोटात येण्याआधीचं. म्हणूनच ही टेस्ट आत्ता करण्यात अर्थ आहे, पाचव्या महिन्यात केलीस तर हाच निकाल असूनही सुरुवातीच्या आठवड्यांबद्दल एवढं छातीठोक सांगता येणार नाही. सगळ्या लॅबमध्ये होत नाही, नमुना मोठ्या लॅबला पाठवतात, थोडे दिवस लागतात. सोबत दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने दुसरं रक्त देऊन आयजीजी-आयजीएम परत करतात. त्यात एक लक्षात ठेव, लॅब तीच ठेवायची, जमलं तर पहिला राहिलेला नमुना आणि दुसरा एकत्रच तपासायला सांगायचं, कारण या लॅबचं ९२ आणि त्या लॅबचं १४० यांची तुलना करून उगाच परत रडायची वेळ येते. आयजीजी आहे तिथेच राहिलं आणि आयजीएम तसंच बॉर्डरवर किंवा खाली गेलं तर झालं, सुटलीस.

मामेसासूबाईंना जी भीती वाटतेय ती मात्र हवेतली नाही हे पण सांगते, म्हणजे त्यांच्यावर राग धरू नकोस. ऑस्ट्रेलियात सिडनीला नॉर्मन ग्रेग म्हणून डोळ्यांचे डॉक्टर होते, १९४१ मध्ये त्यांच्याकडे जन्मतःच मोतीबिंदू असलेली बाळं एकामागून एक यायला लागली, आणि या आयांना गरोदरपणाच्या सुरुवातीला रुबेला होऊन गेला होता हे त्यांनी हेरलं. सहकाऱ्यांकडची धरून ७८ बाळं जमली, त्यातल्या १० सोडून बाकी सगळ्यांच्या आयांना तो आजार झालेला. तोवर या आजाराला कोणी विचारतही नव्हतं. मग १९६४-६५ ला अमेरिकेत मोठी साथ आली, सव्वा कोटी लोकांना रुबेला झाला आणि सुमारे २०,००० बाळं त्याचे परिणाम घेऊन जन्मली, बहिरेपण, मोतीबिंदू, हृदयाला दोष, डोकं लहान, मतिमंदत्व. सगळ्यात जास्त बहिरेपण. पहिल्या बारा आठवड्यांत आईला खरंच, नव्याने, पहिल्यांदा रुबेला झाला तर दहातल्या आठ-नऊ बाळांना काही ना काही त्रास होतो, एवढा वाईट आहे तो. सोळा आठवड्यांनंतर धोका खूप खाली येतो आणि विसाव्यानंतर जवळपास राहत नाही. पण हे सगळे आकडे "खरंच, नव्याने, पहिल्यांदा" झालेल्या बायकांचे आहेत. तू नेटवर जे वाचलंस ते त्यांच्याबद्दल होतं आणि तू ते स्वतःला लावून घेतलंस.

समजा, नको, पण समजा अ‍ॅव्हिडिटी लो आली आणि दुसऱ्या नमुन्यात आकडे चढले, तरीही लगेच निर्णय नाही. फीटल मेडिसिनवाल्या, म्हणजे पोटातल्या बाळाचं बघणाऱ्या डॉक्टरांना दाखवायचं, नाशिकमध्ये नसले ओळखीचे तर पुणे-मुंबईला. ते बसून आठवडे मोजतील, वेळ आली की गर्भजलाची तपासणी करायची की नाही हे सांगतील. नुसती सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून निर्धास्त व्हायचं नसतं कारण बहिरेपण सोनोग्राफीत दिसत नाही, हेही खरं. आणि "अजून वेळ गेलेली नाही" या वाक्याचा धाक घेऊ नकोस. कायद्याने २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मतावर गर्भपात करता येतो, २०२१ च्या बदलानंतर काही परिस्थितीत २४ पर्यंत दोन डॉक्टरांच्या मतावर, आणि बाळात गंभीर दोष असेल तर मेडिकल बोर्डाकडे त्याच्याही पुढे जाता येतं. तुझा नववा चालू आहे. तीन आठवडे थांबून खरं काय ते कळून घेतलंस तर एकही दार बंद होत नाही. आणि त्या कागदावर सही तुझी लागते, सज्ञान बाईला दुसऱ्या कोणाची संमती लागत नाही, ना नवऱ्याची ना मामेसासूबाईंची.

एक मधेच. कोणी "टॉर्चचा कोर्स" म्हणून स्पायरामायसिनच्या गोळ्या किंवा एखादं काढ्याचं पॅकेज सुचवेल, सुचवतातच. स्पायरामायसिन टोक्सोप्लाझ्मा या वेगळ्याच इन्फेक्शनसाठी आहे, रुबेलाच्या विषाणूवर तिचा काही उपयोग नाही. रुबेलावर औषधच नाही मुळात. आणि मागच्या वर्षीचं जे पडलं ते या आयजीजीमुळे पडलं असंही कोणी म्हणेल, ते सोडून दे. जुन्या रुबेलामुळे पुढची गर्भारपणं पडत नाहीत. दोन महिन्यांचं आपोआप पडणं दुर्दैवाने खूप जणींच्या बाबतीत होतं, बहुतेक वेळा त्या गर्भाच्या गुणसूत्रातच काहीतरी चुकलेलं असतं, तू काही केलंस किंवा खाल्लंस म्हणून नाही. एकदा असं झाल्यावर पूर्ण टॉर्च करायची गरजच नसते असं माझं स्पष्ट मत आहे, पाच-सहा गोष्टींचं पॅनल लावलं की त्यात एखादं तरी बॉर्डरवर येतंच आणि मग हे असं होतं. रुबेलाचं आयजीजी करावं, पण गरोदर व्हायच्या आधी, आयजीएम न करता.

आता तुझी नणंद, आणि इथे मला खरी काळजी आहे. तिचं निगेटिव्ह आलं म्हणून ती सुटली असं तू लिहिलंयस. आयजीजी निगेटिव्ह म्हणजे तिला संरक्षण नाहीये गं. तुमच्या घरात पॉझिटिव्हला रडारड आणि निगेटिव्हला आनंद झालाय, पण दोघींमध्ये ज्या मुलीने आत्ता हलायला हवं ती ती आहे. तिच्या वयाची खूप मुलं मधे राहून गेलीत. सरकारी लसीकरणात आधी नवव्या महिन्याला फक्त गोवराची लस असायची, रुबेला त्यात नव्हता, एमएमआर ज्यांनी खासगी डॉक्टरकडे पैसे देऊन घेतली त्यांनाच मिळाली. मग गोवर-रुबेलाची मोठी मोहीम आली, गोव्यात २०१७ ला आणि आपल्या महाराष्ट्रात २७ नोव्हेंबर २०१८ पासून, शाळाशाळांत टोचली, पण ती नऊ महिने ते पंधरा वर्षं वयापर्यंत. तुझी नणंद तेव्हा अकरावी-बारावीला असणार, म्हणजे थोडक्यात हुकली. आणि आजूबाजूच्या लहान मुलांना लस मिळाली की साथी कमी होतात, मग अशा हुकलेल्यांना लहानपणी होऊन जाण्याचाही चान्स राहत नाही, त्या तशाच लग्नाच्या वयाला येतात.

तिला लस द्या. एमएमआर, दंडात किंवा मांडीत, छोटंसं इंजेक्शन. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे बऱ्याचदा नसते, मुलांच्या डॉक्टरांकडे हमखास मिळते, फोन करून जा. रुबेलासाठी एक डोस पुरतो, शंभरातल्या पंच्याण्णव जणींना तरी संरक्षण येतं, पण गोवर-गालगुंडाचं पण पक्कं व्हावं म्हणून महिन्याने दुसरा देतात, देऊन टाका. अट एकच, ही जिवंत विषाणूची लस आहे, म्हणून घेताना गरोदर नसावी आणि घेतल्यावर एक महिना दिवस जाऊ द्यायचे नाहीत. कोणी डॉक्टर जुन्या हिशोबाने तीन महिने म्हणतील, ऐकलं तरी बिघडत नाही, पण तेवढ्यासाठी लग्न पुढे ढकलू नका. डिसेंबरात लग्न आहे तर आत्ता घेतली की निवांत. आणि चुकून लवकर दिवस गेलेच तरी ती लस घेतली होती म्हणून गर्भपात करायचा नसतो, अशा चुकून लस पडलेल्या हजारो बायकांची नोंद ठेवली गेलीय आणि त्यांच्या बाळांत रुबेलाचे ते दोष सापडलेले नाहीत. तिला आधीच सांगून ठेव की लसीनंतर दोन-तीन आठवड्यांनी बोटं, गुडघे थोडे दुखू शकतात, मोठ्या मुलींना होतं तसं, आपोआप जातं. ती एखाद्या आजारासाठी स्टिरॉइड किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं घेत असेल तर मात्र आधी तिच्या डॉक्टरांना विचारायचं.

हे वाचणाऱ्या ज्या बाकीच्या आत्ता गरोदर आहेत आणि आयजीजी निगेटिव्ह आलंय त्यांच्यासाठी, आत्ता लस घेता येत नाही, पहिले पाच महिने ताप-पुरळ असलेल्या पोरांपासून लांब राहायचं, मग ते भाचे असोत नाहीतर शेजारचे, कारण पुरळ उठायच्या आधीचे सात दिवस पण तो पसरत असतो. संपर्क आलाच तर "बघू काय होतंय" करत बसू नका, दोन-चार दिवसांत रक्त द्या आणि तीन-चार आठवड्यांनी परत द्या. बाळंतपण झालं की दवाखान्यातून घरी जायच्या आधी लस मागून घ्या, अंगावर पाजत असलात तरी चालते. ज्यांना बाळंतपणानंतर अँटी-डीचं इंजेक्शन (रक्तगट निगेटिव्ह असलेल्या आईला देतात ते) दिलंय त्यांनी तीन महिन्यांनी आयजीजी करून लस लागली का ते बघून घ्या.

आणि मुलाचा डोस कृपा करून थांबवू नकोस. एमएमआरमधून आईला रुबेला लागत नाही, लस घेतलेल्या मुलाकडून तो विषाणू पोटातल्या बाळापर्यंत जात नाही. खरा आजार घरी आणणारं सगळ्यात जवळचं माणूस म्हणजे शाळेत जाणारं पोरगंच असतं, त्यामुळे तुला उद्या संरक्षण नाही असं निघालं असतं तरी मी त्याला आधी लस द्या असंच म्हटलं असतं. चार ते सहा वर्षांत तो तिसरा डोस असतो, तो साडेचारचा आहे, म्हणजे उशीरही झालेला नाही. नणंदेला पण त्याच डॉक्टरांकडे सोबत घेऊन जा, दोघांचंही एका फेरीत होईल.

मिस्टर बोलत नाहीत म्हणालीस. ते घाबरलेत असं मला वाटतं, बायकोच्या रिपोर्टवर काय बोलावं हे बऱ्याच पुरुषांना कळत नाही. त्यांना हे पत्र वाचायला दे आणि जुनी फाईल शोधायचं काम त्यांच्याकडे दे. डॉक्टर आल्या की दोघं मिळून जा, अ‍ॅव्हिडिटीचं आणि दुसऱ्या नमुन्याचं कागदावर लिहून ने, नाहीतर तिथे गेल्यावर घाईत विसरायला होतं. रिपोर्ट आला की मला पाठव, कसाही आला तरी.